चोरलेली हाक

“आता ह्या होडयेक माणूस लागाचो नाय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ट्रेलरच्या रबरी रुळावर तळवा फिरवला. रूळ सर्रकन फिरला. बाबांनी तो पुन्हा फिरवला, मग पुन्हा. नवा भोवरा हातात पडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

ट्रेलर माझ्या नवऱ्याने, दिगंबरने बनवला होता. कुडाळात त्याचं वेल्डिंगचं दुकान. आयुष्यभर खिडक्यांचे गज आणि गेट करणारा माणूस, पण सासऱ्याने गळ घातली आणि हा पठ्ठ्या पाऊण उन्हाळा त्या ट्रेलरच्या मागे लागला. चौकट जमिनीलगत घेतली, म्हणजे होडी उचलावी लागू नये. मधोमध रुळांची रांग, म्हणजे ती घासत नाही तर घरंगळत वर यावी. दोन बाजूंना दोन उभे खांब, म्हणजे लाटेने होडी आडवी होऊ नये. आणि पुढे दोर गुंडाळत होडी ओढणारं, हाताने फिरवायचं विंच. आमच्या लग्नातसुद्धा बाबांनी जावयाकडे एवढ्या प्रेमाने पाहिलं नव्हतं.

“माणूस लागतलोच,” दिगंबर म्हणाला. “एक विंच फिरवक, एक होडी सरळ धरूक. पण बाबा, तुमी पाठी उभे रवा नकात हां. बाजूक रवा.”

“बरा, बरा,” बाबा म्हणाले. त्यांचं लक्ष रुळाकडे होतं.

मला मात्र त्या ट्रेलरचं कौतुक वाटत नव्हतं. बाबांच्या तोंडी ‘माणूस लागाचो नाय’ म्हणजे ‘तातू लागाचो नाय’, हे मला लहानपणापासून पाठ होतं. तातूकाका म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ. घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, किनाऱ्याला अगदी लागून. आणि दोघांमध्ये बोलणं नाही. मी फ्रॉकात होते तेव्हापासून नाही.

आमच्या गावी, मोरवण्यात, होडी वर काढायची म्हणजे आधी हाक द्यावी लागायची. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या होड्या किनाऱ्यावरून देवळाच्या आवारात न्यायच्या. पूर्वी ओंडक्यांवरून ओढत नेत. मग समुद्राने उतार खाल्ला, तेव्हा मच्छीमार सोसायटीचा एक ट्रेलर आला. तो नुसता लोखंडी सांगाडा होता. त्यावर होडी चढवायला दोन्ही बाजूंनी माणसं लागायची, तीही कंबरभर पाण्यात. ती गोळा व्हायची हाकेवर. मालक होडीच्या मागे, समुद्राच्या बाजूला उभा राहायचा. ती मालकाची जागा. तिथून तो ओरडायचा, “हात लावा रेऽऽ!” ही हाक ऐकून कोणी बसून राहायचं नाही. जेवत असलास तर ताट बाजूला सार आणि ये. वैरी असलास तरी ये, वैर उद्या पुन्हा कर. आणि हाक दिल्याशिवाय दुसऱ्याच्या होडीला हात लावायचा नाही. तो मालकाचा अपमान.

ज्याची हाक, त्याची होडी. मुलानेसुद्धा बापाच्या होडीची हाक द्यायची नाही. दिली, म्हणजे बापाचं संपलं असं गाव समजायचं.

तातूकाकांनी नेमकं तेच केलं होतं. माझे आजोबा मालकाच्या जागी धडधाकट उभे असताना, भर किनाऱ्यावर, सगळ्या गावासमोर काकांनी हाक दिली. त्या दिवसापासून आजोबांची होडी काकांची झाली. काका म्हणायचे, म्हाताऱ्याच्या तोंडातून आवाज फुटेना आणि होडी लाटेवर आडवी होत होती, मी काय करायला हवं होतं? बाबा म्हणायचे, खोटं. आजोबा त्या रात्री त्यांच्याबरोबर जेवले, आमटीत मीठ कमी आहे म्हणून बोलले, मग दुपारीच आवाज कुठे गेला होता? आणि आजोबा? त्यांनी या विषयावर मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. त्यांच्या गप्प बसण्याचा एका मुलाने एक अर्थ लावला, दुसऱ्याने दुसरा. बाबांनी वेगळी होडी घेतली आणि भावाला एकच नाव दिलं, हाकचोर.

पण गंमत बघा, बाबांना आपल्या होडीची हाक दर वर्षी द्यावीच लागायची. आणि हाक ऐकून काका दर वर्षी यायचे. न बोलता होडीच्या पुढच्या टोकाला हात लावायचे, होडी चढली की न बोलता जायचे. मग बाबा त्या जागेवर समुद्राचं पाणी मारून ती धुऊन काढायचे. मी लहान असताना मला वाटायचं, काकांच्या हाताला काहीतरी लागलेलं असतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घरी सुंभ जळायलाही तयार नव्हता.

त्या वर्षी मे संपत आला असताना वादळाचा इशारा आला. सकाळपासून सोसायटीची माणसं कर्णा घेऊन फिरत होती. वारा अजून फार नव्हता, पण समुद्राचा रंग बदलला होता आणि लाटा लांब लांब अंतराने, जड अशा येत होत्या. किनाऱ्यावर एकच धांदल. बायका जाळी उचलून नेत होत्या. एकामागून एक हाक उठत होती आणि सगळा गाव या होडीकडून त्या होडीकडे धावत होता. दुपारपर्यंत बहुतेक होड्या देवळाकडे गेल्या. काकांचीही गेली. बाबांची तेवढी पाण्यात डोलत होती.

“बाबा, आज हाक मारा,” मी म्हटलं. “सगळे आसत हयसर. चटकन काम होतला. ट्रेलर फुडच्या वर्साक वापरया.”

“तातू पण आसा.”

“मगे काय झाला?”

“तेचो हात माझ्या होडयेक लागाक नको.” एवढं बोलून ते वळले आणि वर वाळूत बसलेल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माझ्या होडयेक आज कोणी न बोलावता हात लावूचो नाय! सांगान ठेवतंय!”

माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, “आत्माराम, जावयाचा यंत्र बघूक तरी बसू मा?” बाबांनी हातानेच बसा म्हणून खूण केली. आनंदात होते ते. मला मात्र शरमल्यासारखं झालं. काका आपल्या ओटीवर खांबाला टेकून बसले होते आणि त्यांनीही ते ऐकलं होतं.

दिगंबरने टेम्पो उलटा घेत ट्रेलर पाण्यात घातला. मी टेम्पोच्या चाकांखाली दगड लावले. बाबा होडी ढकलत घेऊन आले, तिचं पुढचं टोक दोन खांबांच्या मधे अलगद शिरलं. दिगंबरने विंचचा दोर अडकवला आणि दांडा फिरवायला लागला. आणि काय सांगू, एरवी गावाच्या पाठीचे काटे ढिले करणारी ती होडी लोण्यातून सुरी जावी तशी वर यायला लागली. वर बसलेल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. माझाही ऊर भरून आला. नवऱ्याचं काम होतं शेवटी.

मी बाबांकडे पाहिलं, तर ते होडीच्या मागे होते. मालकाच्या जागी. होडीला खांदा लावून.

“बाबा, बाजूक येवा!” दिगंबर ओरडला.

“मालक खय उभो रवतलो मगे?” बाबा हसत ओरडले. “फुडे? न्हवऱ्यासारखो?”

बाबांना तिथेच उभं राहता येत होतं. जन्मभर त्यांनी होडी तिथूनच चढवली होती. फक्त या वेळी त्या जागेवर उभं राहून ओरडायचं काही नव्हतं.

होडी अर्ध्याहून जास्त चढली होती तेव्हा एक मोठी लाट आली आणि परत जाताना ट्रेलरच्या एका चाकाखालची वाळू घेऊन गेली. चाक भसकन खाली बसलं. ट्रेलर कलला. ज्या रुळांवरून होडी एवढ्या सहज वर आली होती, त्याच रुळांवरून तिची मागची बाजू तेवढ्याच सहज घरंगळली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. दोर ताठ राहिला, पुढचं टोक खांबात अडकलेलं राहिलं, आणि मागची बाजू पाण्यात बसली.

वरून पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं की होडी कलली. त्यांच्या आणि बाबांच्या मधे अख्खी होडी होती. कोणीतरी हसलं. एक-दोघे उठले आणि तिथेच थांबले. दुसऱ्याची होडी, हाक नाही, आणि मालकाने तर मघाशीच दम भरलेला. कोण पुढे येणार?

मी पाण्यातून पलीकडे गेले. बाबा पाठीवर पडले होते. मांडीपासून खाली होडीखाली. पाणी त्यांच्या छातीशी होतं. लाट आली की ते तोंडावरून जायचं आणि मग ते खोकत डोकं वर काढायचे.

“दिगंबर!” मी किंचाळले. तो विंच अडकवून धावत आला आणि वाकून होडीखाली बघायला लागला.

“टेम्पो फुडे घे!”

“फुडे घेतलंय तर होडी तेंच्या अंगावरसून फरफटत जातली.”

“मगे विंच ढिला कर!”

“ढिला केलंय तर सगळा वजन तेंच्यावर बसतला. उचलूक व्हयी, चारू. माणसां व्हयी!”

त्याने होडीला खांदा लावला. मीही लावला. होडी तसूभर हलली नाही. वारा वाढला होता आणि आमचं बोलणं समुद्राच्या आवाजात वर पोचत नव्हतं.

मी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. “बाबा, हाक मारा!” मी म्हटलं. “बाबा, मारा हाक! तातूकाका येतले, सगळे येतले. मारा!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. मला वाटलं, ते नको म्हणतायत. मला इतका संताप आला की काय सांगू. मरायची वेळ आली तरी या माणसाला भावाला बोलवायचं नाही! त्यांचे ओठ पुन्हा हलले. मग पाणी तोंडावरून गेलं आणि या वेळी ते खोकले नाहीत, नुसते त्यांचे डोळे फिरले.

मी उभी राहिले. होडीच्या मागे, समुद्राच्या बाजूला. आणि माझ्या आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, “हात लावा रेऽऽ!”

बाईच्या आवाजात ती हाक मोरवण्याने तोवर ऐकली नव्हती. माणसं उठली खरी, पण क्षणभर जागच्या जागी थबकली. हाक आत्मारामाची नाही, त्याच्या मुलीची. ही धरायची की नाही? तेवढ्यात ओटीवरून काका निघाले. सत्तरीचा माणूस, लुंगी वर खोचत, वाळूतून अडखळत, एकदा पडून पुन्हा उठत धावत आला. त्यांना बघून सगळा किनारा धावला.

माणसं होडीला भिडली. काका थेट मागे आले, पाण्यात, आणि त्यांना बाबा दिसले. त्यांनी वाकून भावाच्या मानेखाली हात घातला, डोकं पाण्याच्या वर धरलं आणि माझ्याकडे बघून ओरडले, “थांबलंस कित्याक? फुडची हाक मार!”

“काका, तुमी मारा…”

“हाक तू मारलंस मा? मगे आता तूच मारूची. बदलूची नाय, माणसां गोंधळतत. मार!”

मी हाक दिली. होडी हलली. पुन्हा दिली. होडी उठली, आणि दिगंबरने बाबांना काखेत धरून बाहेर ओढलं. त्यांच्या पायाकडे बघवेना. पण काम थांबवता येत नव्हतं, माणसांनी उचललेली होडी मधेच सोडली असती तर अजून कोणीतरी खाली गेलं असतं. मी हाक देत राहिले आणि माणसं माझ्या हाकेवर श्वास घेत राहिली, सोडत राहिली. होडी ट्रेलरवर चढली. चाकाखाली फळ्या घातल्या. दिगंबरने टेम्पो पुढे घेतला आणि ट्रेलर वाळूतून बाहेर आला. मी मालकाच्या जागी उभी होते. एकदाच मागे वळून पाहिलं. बाबा वाळूवर पडून माझ्याकडे बघत होते.

दवाखान्यात न्यायला टेम्पोच होता, आणि तो ट्रेलरला जोडलेला. दिगंबर ट्रेलर देवळात सोडून परत येईपर्यंत बाबांना कुठेतरी कोरड्यात न्यायला हवं होतं. जवळचं घर काकांचं. माणसांनी त्यांना दाराच्या फळीवर घालून काकांच्या ओटीवर आणलं. इतक्या वर्षांत बाबांनी त्या ओटीवर पाऊल ठेवलं नव्हतं. आताही ठेवलं नाही म्हणा, आडवेच गेले. काकांनी आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली आणि आत निघून गेले. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी त्यांच्या उशाशी बसले. तेवढ्यात गावातला एक जण अंगणात आला. वाऱ्याने त्याचा सदरा फडफडत होता.

“चारू, होडी देवळाच्या खयच्या बाजूक लावूची गे?”

त्याने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं. होडी माझी आहे असं समजून, अगदी सहज, काही वाईट मनात न आणता.

“बाबांका इचारा,” मी म्हटलं.

तो आपल्याच पायांकडे बघत उभा राहिला. बाबा भिंतीकडेच बघत होते.

“बाबा, खयच्या बाजूक?”

शेवटी मीच त्या माणसाला म्हटलं, लावा कुठेही, वारा लागणार नाही अशी. तो गेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. काकांना जे मिळालं ते आता मला मिळणार होतं. उद्या बाबा बरे होतील, जेवतील, फिरतील, आणि माझ्याशी बोलणार नाहीत. मी मोरवण्यात येईन, त्यांच्या घरात शिरेन आणि ते भिंतीकडे तोंड करतील. गावात मला नाव पडलं नाही तरी त्यांच्या मनात पडेल. त्यांचा जीव वाचला होता आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. मला नुसती भीती वाटत होती.

“बाबा,” मी म्हटलं, “तुमी हाक मारीत नाय होतास. मी काय करूक व्हया होता? तुमका बुडताना बघूक व्हया होता?”

माझ्याच कानांना ते ओळखीचं वाटलं. काकांच्या तोंडून गावाने हेच वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

बाबांची पाठ हलली. ते रडतायत की थंडीने कापतायत, मला कळलं नाही. मी घोंगडी वर ओढली. त्यांनी माझा हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

त्या होडीत बाबा पुन्हा कधी बसले नाहीत. पाय पुढे कामाचा राहिला नाही हे खरं, पण काठीने चालणारी माणसंही आमच्याकडे होडीत बसतात. मी तिच्यावर गावातली दोन माणसं ठेवली, मे महिन्यात मी मुद्दाम कुडाळहून यायचे आणि हाक मीच द्यायचे. नंतर सगळ्यांनीच दिगंबरकडून ट्रेलर करून घेतले, मोठ्या चाकांचे. आता मोरवण्यात कोणी हाक देत नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपली बाबांच्या पाठीकडे बघत बसले होते.

काका आतून चहाचा पेला घेऊन आले. काळा, वाफाळलेला. बाबांच्या जवळ ठेवायला ते वाकले, मग बहुधा सवयीने थांबले आणि थोड्या अंतरावरच जमिनीवर ठेवला. परत जायला वळले.

“तातू.”

आवाज कोणाचा आहे हे मला क्षणभर कळलं नाही. घोगरा, फुटका, घशातून खरवडून काढल्यासारखा. बाबांनी मान वळवली होती.

काका तिथेच उभे राहिले, पाठमोरे.

“मी मारीत होतंय हाक,” बाबा म्हणाले. “तोंड उघडलंय. दोनदा. आवाजच भायर पडाक नाय.” ते थांबले. श्वास पुरत नव्हता. “तातू, आपल्या बाबांचो आवाज… खराच फुटाक नाय होतो?”

काका हळूच वळले. मला वाटलं, आता ते एवढ्या वर्षांचं सगळं बोलून घेतील. त्यांना तो हक्क होता. पण ते गुडघ्यांवर हात टेकत बाबांच्या शेजारी खाली बसले आणि पेला उचलून त्यांच्याजवळ सरकवला.

“ओठ हलत होते तेंचे,” काका म्हणाले. “तू होडयेच्या फुडे होतंस, आत्मा. तुका कसे दिसतले?”